आमची वाटचाल : केबलवाला ते नेटवाला

धंदा मूळचा बाबांचा, केबल टीव्हीचा. माणगावच्या पुढच्या वाड्यांत वायर ओढायची, महिन्याला ७० रुपये, आणि तेही अर्धे लोक गणपती झाल्यावर देतो म्हणायचे. मग सेट टॉप बॉक्स आले, घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या, कनेक्शन निम्मे झाले. २०१६ ला जिओ फुकट आलं तेव्हा भाऊ म्हणाला, दुकान बंद कर, टमटम घेऊ. पण आमच्याकडे रेंज म्हणजे देवळामागच्या टेकडीवर, फोन हात वर करून धरला तर.

२०१७ ला नेट चालू केलं, कॅट सिक्स वायर (नेटची तांब्याची वायर) आणि खांबाखांबावर स्विच, म्हणजे एका लाईनच्या अनेक लाईनी करणारा डबा. पहिल्याच पावसात वीज पडली आणि एका रात्रीत ११ स्विच जळाले, वायर तांब्याची ना. काचेतून करंट जात नाही म्हणून फायबरवर, म्हणजे काचेच्या तारेवर आलो. जोडायचं मशीन लाखाच्या वर, बायकोच्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या (सोडवल्या हो नंतर).

लॉकडाऊनमध्ये चाकरमानी गावी आले, वर्क फ्रॉम होमसाठी रांग लागली, आता दिवस पालटले असं वाटलं आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आंब्यांवरून, खांबांवरून नेलेली सगळी लाईन आडव्या झाडांखाली. पावसात एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने केसाएवढी फायबर पुसून मशीनमध्ये ठेवायची, थेंब पडला की परत पहिल्यापासून. २५ दिवस हेच.

हमखास ऐकावं लागतं, मुलगा मुंबईत ४०० त घेतो, तुम्ही ५०० कसे लावता? अहो काका, तिथे बिल्डिंगमध्ये एक वायर नेली की स्प्लिटर (एका फायबरचे फाटे करणारा डबा) लावून ३२ घरं होतात. इथे वरच्या वाडीला दीड किलोमीटर गेलो तेव्हा घरं तीन. मीटरला सात-आठ रुपये नुसती केबल, वर हुक, मजुरी, आणि माकडं लोंबकळतात ते वेगळंच. ५०० वर १८ टक्के जीएसटी, तो सरकारचा, उरलेल्यातून वर लाईन देणाऱ्या कंपनीचा हिस्सा, मग खांबभाडं. नेट महाग नाहीये, शेवटची वायर महाग आहे. भारतनेट या गावोगावी नेट न्यायच्या सरकारी योजनेचं पण मूळ टार्गेट ग्रामपंचायत, तिथून पुढे घरात वायर कोणीतरी ओढायचीच.

आणि डब्यावर लाल लाईट लागली की फोन मलाच, मग रात्रीचे अकरा का असेनात. परवा एका आजींचा आला, नेट गेलं म्हणून. विचारलं, घरात लाईट आहे का? म्हणाल्या, लाईट संध्याकाळपासूनच नाय रे, पण तुझं नेट का गेलं?

वरच्या वाडीत आता पाच घरं झालीत. त्याच्या वरच्या धनगरवाड्यातून दोघं हो म्हणालेत, तिसरा मे महिन्यात मुलगा आल्यावर सांगतो म्हणाला. तो हो म्हणाला की केबलचा ड्रम मागवतो.