‘सेट’ कुठे कुठे बसतो

१९८९ साली निघालेल्या वीस खंडांच्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. पुढे सुधारित आवृत्तीत ‘रन’ ६४५ अर्थ घेऊन आला. धावणाऱ्याने बसलेल्याला गाठलं, यात नवल ते काय!

‘बसलेल्या’ म्हणायला कारण आहे. ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. आपण ‘बसणे’ला व लावून ‘बसवणे’ करतो, इंग्रजीने इथे स्वर बदलला. म्हणून अडखळलात तर सरळ ‘बसवणे’ घालून पाहा. सरकलेलं हाड बसवतात, कोंदणात खडा बसवतात, घड्याळाचा गजर मात्र लावतात. या ‘लावणे’ची मराठीतली पसाऱ्याची गोष्ट वेगळीच.

सिमेंट ‘सेट’ होतं तेव्हा कोणी बसवणारा नसतो, ते आपणच बसतं. अनेकांना वाटतं की ते वाळतं. तसं नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणूनच पाण्याखालीही जमतं. ते फार लवकर आवळू नये म्हणून कारखान्यातच त्यात थोडा जिप्सम दळतात. आणि सेट होणं म्हणजे ताकद येणं नव्हे. ती पुढे कित्येक दिवस वाढत राहते, तोवर पृष्ठभाग ओला ठेवावा लागतो.

मला सर्वांत आवडतो तो करवतीचा ‘सेट’. दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद पडते. हा कल झिजला की पातं लाकडात आवळतं, तापतं आणि हात दुखून येतो. कल एका बाजूला जास्त झाला तर करवत रेघ सोडून त्याच बाजूला सरकते. हाच शब्द स्प्रिंगला लागला की दोष होतो: जास्त ताणलेली स्प्रिंग सोडल्यावर मूळ लांबीवर येत नाही, तिने ‘सेट’ घेतला म्हणतात.

आता ‘बसवणे’ची किल्ली फिरत नाही ते कुलूप. भांड्यांचा सेट, टेनिसचा सेट, गणितातला संच. समूह या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे ‘सेक्ट’ या पंथवाचक शब्दाचा तो सख्खा भाऊ. दोन वेगळ्या घरांतले शब्द एकाच स्पेलिंगात राहायला आले आणि शेजारधर्माने एकमेकांचे अर्थही उचलू लागले. गणितातला संच तर अगदी काटेकोर: क्रम बदलला तरी तोच, एकच घटक दोनदा लिहिला तरी एकच.

व्याकरणातही हा आळशी. भूतकाळ सेट, धातुसाधितही सेट. ‘दे सेट द टेबल’ आज की काल, ते संदर्भावरूनच कळतं. ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर शेवटचा ‘एस’ वर्तमानाची साक्ष देतो.

मराठीत आल्यावर त्याने आणखी एक धंदा सुरू केला. आपल्याकडे ‘सेटिंग’ म्हटलं की आतून जमवलेला बेत. इंग्रजीत कथेची पार्श्वभूमी किंवा यंत्राचं बटण कुठे ठेवलंय ते. आपल्या अर्थाने ते इंग्रजांपुढे बोललात, तर ते कुठल्या कथेबद्दल चाललंय असं विचारतील.