शब्दांची मोजदाद

एका दुपारी एक साधा मजकूर लिहीत असताना माझे लक्ष पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील एका आकड्याकडे गेले. तो आकडा तिथे नेहमीच असतो; आपण लिहू लागलो की वाढतो, खोडू लागलो की घटतो, आणि आपण काय लिहिले याविषयी त्याला काहीच म्हणायचे नसते. त्या दुपारी मी एक लांबलेले वाक्य कापून निम्मे केले. वाक्य निश्चितच सुधारले. परंतु आकडा खाली उतरला, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला खिशातून काहीतरी पडल्यासारखे वाटले.

लिहिणाऱ्याने शब्द मोजू नयेत, असा एक अलिखित संकेत आहे. मोजणे हे पाट्या टाकणाऱ्याचे काम, असे आपण मानतो. आणि तरीही मोजायला आपण सगळे अगदी लहानपणीच शिकलेलो असतो. शाळेत निबंधाच्या विषयाखाली ‘सुमारे ३०० शब्दांत’ अशी अट असे, आणि ती गाठण्याची ज्याची त्याची युक्ती ठरलेली असे. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा प्रत्येक नामाआधी दोन विशेषणे लावी. त्याच्या निबंधात सूर्य कधी नुसता उगवला नाही, तेजस्वी आणि सोनेरी होऊनच उगवला. दुसरा एक जण दर परिच्छेदात एखादे सुभाषित आणून बसवी, कारण सुभाषिताचे शब्दही मोजणीत धरले जात. मोजणी अर्थात बोटाने चाले, आणि दर दहाव्या शब्दाखाली पेन्सिलीचे एक बारीक टिंब पडे. ती टिंबे पाहिली की बाई विचारत, “निबंध लिहिलास की हिशेब?” प्रश्न चांगला होता, पण ३०० ची अट त्यांनीच घातली होती, हे बोलून दाखवण्याची आमची छाती नव्हती.

असली अट घालणारे कोणीही डोक्यावर नसताना, मोठ्या वयात, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, आपण होऊन ५०,००० शब्दांची अट स्वतःवर लादून घेणारी लाखो माणसे या जगात आहेत, हे कळले तेव्हा मला म्हणूनच फार कुतूहल वाटले. १९९९ च्या जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात राहणाऱ्या ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने आपल्या ओळखीची मंडळी गोळा केली आणि एका महिन्यात प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची, असे ठरवले. तो धरून २१ जण होते. साहित्याची सेवा वगैरे हेतू त्यांच्या मनात मुळीच नव्हता. रिकामटेकडी तरुण मुले ज्या कारणांसाठी गाण्याचा बँड काढतात, त्याच कारणांसाठी आम्ही कादंबऱ्या लिहायला बसलो, असे बेटीने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ५०,००० हा आकडाही कोण्या समीक्षकाने ठरवलेला नव्हता. कपाटातील एक बारीकशी कादंबरी हातात घेऊन बेटीने तो अंदाजाने काढला. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात गेला, कारण तिकडे त्या महिन्यात हवा इतकी कुंद असते की घराबाहेर पडावेसेच वाटत नाही. त्या वर्षी १४० जण आले, त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे ५,०००, आणि आणखी दहाएक वर्षांत देशोदेशींचे दोन लाखांहून अधिक लोक. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ या लांबलचक नावाचे ‘नॅनोरायमो’ हे आटोपशीर रूप तोवर रूढ झाले होते.

५०,००० ला ३० ने भागले की १,६६७ येतात. तीसही दिवस, आजारी पडले तरी, पाहुणे आले तरी, कथानक पूर्णपणे फसले आहे हे स्वच्छ दिसत असले तरी, रोज १,६६७ शब्द. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांचे घोडे पेंड खाते, आणि तेव्हा ज्या युक्त्या सुचतात त्या वाचताना मला पुढच्या बाकावरच्या त्या मुलाची सारखी आठवण होत होती. इंग्रजीत दोन शब्द आखडून एक करण्याची रीत आहे. ती नोव्हेंबरपुरती बंद करायची, म्हणजे एकाचे दोन होतात. पात्राला प्रत्येक वेळी त्याच्या पूर्ण नावाने हाक मारायची. एखाद्या पात्राला आलेले लांबलचक पत्र दुसऱ्या पात्राला मोठ्याने वाचायला लावायचे. ठरावीक मिनिटांची शर्यत लावून, घड्याळ सुरू होताच मान वर न करता लिहीत सुटायचे. मग परस्परांना कधीही न भेटलेली माणसे निरनिराळ्या खंडांत एकाच वेळी कळफलक बडवत असतात. कथा अगदीच अडली तर एक फावडे आणायचे. हे फावडे या मंडळींचे सामाईक आहे. ते एका कादंबरीतून दुसऱ्या कादंबरीत फिरत राहते आणि जिथे जाते तिथे कोणाचा तरी जीव घेते. जगभरच्या अप्रकाशित हस्तलिखितांत त्या एका फावड्याने आजवर किती बळी घेतले असतील, याची गणना मात्र कोणी ठेवलेली नाही.

या सगळ्यात सर्वांत कठोर नियम असा, की मागे वळून वाचायचे नाही आणि खोडायचे नाही. आपल्या आत बसलेल्या संपादकाला महिनाभर कोंडून ठेवायचे. इथे माझी अडचण होते, कारण माझ्या आत दुसरे कोणी बसलेलेच नाही. आधीचे वाक्य मनासारखे झाल्याशिवाय मला पुढचे सुचत नाही. एका स्वल्पविरामासाठी मी उठून खोलीत फेऱ्या मारतो, तो काढतो, पाणी पितो आणि परत घालतो. माझ्या हिशेबाने १,६६७ शब्दांना एक ऋतू पुरेल. मी या शर्यतीत कधी उतरलो नाही, आणि उतरणारही नाही.

मोजण्याच्या या मापाविषयी मला एक जुनी तक्रार मात्र आहे, आणि ती भाषेची आहे. ५०,००० चा आकडा इंग्रजीत जन्मला, जिथे प्रत्येक अव्यय सुटे उभे राहून आपली स्वतंत्र हजेरी लावते. आपल्याकडे ‘घरासमोरून’ एवढे म्हटले की काम झाले आणि मोजणाऱ्याने त्याचा एक धरला. तेवढ्यासाठी इंग्रजी लेखकाच्या खात्यावर पाच-सहा जमा होतात. तुर्की आणि फिनिश भाषांत तर प्रत्ययामागे प्रत्यय जोडत एकाच शब्दात अख्खे वाक्य बसवता येते. जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागाच सोडत नाहीत, म्हणून तिथले लेखक पूर्वापार ४०० चौकटींच्या कागदावर लिहीत आले आहेत आणि आपले लेखन किती झाले ते त्या कागदांच्या संख्येत सांगत आले आहेत. म्हणजे एकाच शर्यतीत उतरलेल्या या माणसांचे मैल निरनिराळ्या लांबीचे आहेत. याबद्दल मोठा तंटा झाल्याचे मी ऐकलेले नाही. जिंकणाऱ्याला मिळायचे ते एक प्रमाणपत्र, आणि ते कोणाच्या वाट्यातून वजा होत नव्हते. तेव्हा भांडायचे तरी कोणाशी?

मोजून लिहिणाऱ्यांना साहित्यात मान नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलपचे. टपाल खात्यातील नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिही. तीन तास पूर्ण होण्याआधी एक कादंबरी संपली तर नवा कागद घेऊन दुसरी सुरू करी. या वेगाने त्याचा नोव्हेंबर सतराव्या सकाळीच संपला असता. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्यात हा सारा हिशेब त्याने स्वतःच सांगितला होता, आणि रसिकांच्या मनातून तो बराच काळ उतरला. पुस्तके तीच होती, वाचणारेही तेच होते. फक्त घड्याळ दिसले.

दस्तयेवस्कीचे घड्याळ मात्र सर्वांना प्रिय आहे, कारण त्यामागे संकट होते. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षे आपले सारे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशक स्तेलोव्स्कीला मिळेल, अशा करारावर तो सही करून बसला होता. ऑक्टोबर उजाडला तरी कागद कोरा होता. अखेर त्याने ॲना स्नितकिना नावाच्या तरुण लघुलेखिकेला बोलावले आणि सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ तोंडी सांगून पुरी केली. हस्तलिखित द्यायला गेला तर प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर. शेवटी ते पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागली. पुढे काही महिन्यांतच ॲनाशी त्याचे लग्न झाले. इतकी देखणी मुदत सगळ्यांच्या नशिबी नसते. बाकीच्यांना आपला स्तेलोव्स्की स्वतःच व्हावे लागते, आणि नोव्हेंबरात लिहायला बसणारी माणसे नेमके तेच करत असतात असे मला वाटते.

माझी एक मैत्रीण हे दरवर्षी करते. एरवी ती हिशेब तपासण्याच्या नोकरीत असते आणि कादंबरी या विषयावर चकार शब्द काढत नाही. नोव्हेंबर लागला की फोन उचलेनाशी होते. एकदा चुकून उचलला तेव्हा मी विचारले, “काय, कादंबरी कशी चालली आहे?”

“३१ हजार,” ती म्हणाली.

“ते ठीक. पण चालली कशी आहे?”

“सांगितलं ना. ३१ हजार.”

महिना संपला की ती सगळी पाने छापून घेते, दोऱ्याने बांधते आणि एका खोक्यात टाकते. वाचायला कोणाला देत नाही, स्वतःही वाचत नाही. या उपक्रमातून नावाजलेली पुस्तके निघाली आहेत; एरिन मॉर्गनस्टर्नची ‘द नाइट सर्कस’ अनेक नोव्हेंबरांत रचली गेली आणि पुष्कळ फेरलेखनानंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, हे मी तिला मोठ्या उमेदीने सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. तिच्याकडे सगळे लोक काही ना काही मत घेऊन येतात, वरिष्ठ, घरचे, मीसुद्धा. तो आकडा तेवढा येत नाही, असे ती पुढे एकदा ओझरते म्हणाली. मी त्यावर काही बोललो नाही, कारण माझेही मत तयार होतेच.

सांगण्यासारखी गोष्ट अशी, की या शर्यतीत लबाडी करणे नेहमीच अगदी सोपे होते. एकच शब्द ५०,००० वेळा चिकटवला असता तरी मोजणारे यंत्र काही म्हणाले नसते. आयोजकांना हे ठाऊक होते आणि त्यांनी ते लोकांच्या प्रामाणिकपणावर सोडले होते. फसवायचे तर स्वतःलाच, आणि तेवढ्यासाठी कोण श्रम घेतो? मग असे यंत्र आले की ज्याला एक ओळ सांगितली तर ते काही मिनिटांत ५०,००० शब्द, तेही एकसारखे नव्हेत, कथानकासह आणि फावड्यासह हजर करते. सप्टेंबर २०२४ मध्ये हा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने निवेदन काढले, की लेखनासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा सरसकट निषेध करण्यामागे वर्गभेदाची आणि अपंगांविषयीच्या भेदभावाची छटा आहे. त्यावर लेखक खवळले. संस्थेच्या लेखक-मंडळातून डॅनियल होसे ओल्डर यांच्यासारख्यांनी जाहीर राजीनामा दिला. त्याआधी अल्पवयीन सहभागींच्या सुरक्षिततेविषयीच्या तक्रारींनी विश्वासाला तडा गेलेला होताच, पैशांचीही ओढाताण होती. ३१ मार्च २०२५ रोजी संस्थेने आपले काम बंद करत असल्याचे जाहीर केले.

अपंग आणि गरीब लेखकांचा मुद्दा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ज्याचे हात चालत नाहीत त्याने बोलून लिहावे, आणि दस्तयेवस्की तर हात धडधाकट असूनही बोलूनच लिहीत होता. पण लोक चिडले ते दुसऱ्याच कारणाने असावेत. त्या आकड्यामागे कोणीतरी झोपेतून, जेवणाच्या सुट्टीतून, मुलांना निजवून काढलेले तास होते, एवढीच त्याची किंमत होती. दर्जा वगैरे त्याने कधीच मागितला नव्हता. ते तास वगळून नुसता आकडा हाती ठेवला, तर त्या माणसांनी महिनाभर नेमके काय केले, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही.

संस्था बंद झाल्यानंतरच्या नोव्हेंबरातही मैत्रिणीचा फोन लागत नव्हता. डिसेंबरात भेटली तेव्हा थोडी वाळलेली दिसली, आणि खोके बदलावे लागणार असे म्हणाली. प्रमाणपत्र आता कोण देणार, असे मी विचारले, तर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला. किती झाले, हे विचारायचे राहूनच गेले. खरे तर तेवढेच विचारायला हवे होते.