हे तिथं लागत नाही

आज दुपारी नातवाची बॅग भरत होते. एलुल हा आमचा ज्यू महिना लागतोय, येशिवाचं, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेचं, सत्र सुरू होणार, आणि आता तो वसतिगृहातच राहणार. चौदावं चालू आहे त्याला. सदरे, प्रार्थनेचं पुस्तक सिद्दूर, प्रार्थनेच्या वेळी हाताला-डोक्याला बांधायच्या तेफिलीनची पिशवी, सगळं बसवलं. सगळ्यांच्या वर त्याचं गणिताचं पुस्तक ठेवलं, तर त्यानं ते अलगद काढून माझ्या हातात दिलं. "आजी, हे तिथं लागत नाही."

रागानं बोलला नाही. तरी तेव्हापासून घशाशी काहीतरी अडकलंय.

तिथलं मला ठाऊक आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत गमारा, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाच्या नियमांवरची जुनी चर्चा, जोडीदारासमोर बसून मोठमोठ्यानं वाद घालत. गणित नाही, इंग्रजी नाही. मुलगा-सून खूश आहेत. मीही आहेच की. तिकडे कोकणात आमच्या बेने इस्राएल पूर्वजांजवळ शेमा या प्रार्थनेपलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. शनिवारी विश्रांतीचा वार म्हणून तेलाचा घाणा बंद, एवढं मात्र सोडलं नाही, म्हणून तर लोक शनवार तेली म्हणायचे. आणि इथं इस्रायलात आल्यावर लग्न ठरलं की आम्ही खरे ज्यू का म्हणून आजी-पणजीची कुळं विचारायचे, तो मुख्य रब्बींचा १९६२ सालचा हुकूम... जाऊ दे.

पण 'लागत नाही' म्हणजे काय? मी जन्मभर वहीत हिशोब मांडून घर चालवलं. याच्या बापाला पाढे मीच शिकवले, मराठीतून. बे एके बे. तेही लागत नाही?

संध्याकाळी राहवलं नाही. म्हटलं, "अरे, तुमच्या गमाराच्या किद्दुशीन भागातच आहे ना, बापानं मुलाला तोरा शिकवावी आणि धंदाही शिकवावा? काही जण तर म्हणतात, पोहायलाही."

तो एकदम खुलला. अंगठा हवेत फिरवत, त्या गमाराच्या सुरात म्हणाला, "आणि त्याच किद्दुशीनच्या शेवटी रब्बी नेहोराय म्हणतात, जगातले सगळे धंदे बाजूला ठेवून मी माझ्या मुलाला फक्त तोराच शिकवतो!" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आता मी काय उत्तर देते म्हणून.

मला सुचलं नाही. माझ्या बाबांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. डोळे भरून आले, ते कशानं कोण जाणे.

पुस्तक उशाशी ठेवलंय. रोश हशानाला, आमच्या नववर्षाला, तो तिथंच असेल, गव्हाच्या चिकाचा हलवा डब्यातून पाठवीन. किप्पूरचा उपास झाला की सुट्टीला येईल. तोवर रब्बी नेहोरायना काय उत्तर द्यायचं ते शोधून ठेवते.