सुपरवायझर म्हणून कायम होताना एका फॉर्मपायी गेलेले अकरा आठवडे

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं प्रेसवर ऑपरेटर होतो. २०२२ मध्ये लाइन सुपरवायझर झालो. कायम होण्यासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग, लेखी परीक्षा आणि हाताखालच्या आठ जणांनी माझ्याबद्दल भरून द्यायचा फॉर्म, एवढं लागत होतं. ट्रेनिंग झालं, परीक्षेत पास झालो.

अडलं फॉर्मवर. २४ प्रश्न, सगळे इंग्रजीत, वर नाव आणि टोकन नंबर. माझ्या लाइनवर पाच जण नांदेड-बीडकडचे, तिघं बिहारचे. त्यांनी सगळीकडे पाचपैकी पाच देऊन टाकले. एचआरनं फॉर्म परत पाठवले: हे खरं वाटत नाही, पुन्हा भरून घ्या. मी म्हटलं, मराठी-हिंदीत करून द्या आणि नाव काढा. उत्तर आलं, फॉरमॅट हेड ऑफिसचा आहे, मंजुरी लागेल.

सुपरवायझरचा भत्ता तोवर थांबलेला. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्हीच वाचून सांगा की त्यांना." याचा राग मला अजून येतो. ओव्हरटाइम कोणाला द्यायचा हे मी ठरवणार आणि माझ्याबद्दलचे प्रश्नही मीच पुढ्यात बसून विचारणार, मग खरं कोण बोलेल? मी साफ नाही म्हटलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर मागणी मेलवरच करा. माझ्या पहिल्या दोन तोंडी होत्या, तीन आठवडे त्यातच गेले.

शेवटी गेटजवळच्या नोटीस बोर्डानं वाट दाखवली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ प्रमाणे कायद्यानं लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्या लागत. मी मेलमध्ये तेच लिहिलं आणि प्लांट हेडनाही पाठवलं. एचआरचं म्हणणं, कलम सूचनांसाठी आहे, फॉर्मसाठी नाही. ते बरोबरच होतं. पण प्लांट हेड लाइनवर आले, एका पोराला फॉर्म वाचायला सांगितला, आणि दुसऱ्याच दिवशी मंजुरी मिळाली.

नवे फॉर्म मराठी-हिंदीत, बिननावाचे. पेटी कॅन्टीनमध्ये ठेवली, माझ्या टेबलापासून लांब. हे आग्रहानं करून घ्या, नाहीतर भाषा बदलूनही उपयोग नाही.

'बदल होणार असेल तर आधी सांगतात का?' याला आठपैकी सहा जणांनी 'नाही' लिहिलं होतं. मला फार लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम झाला. पुढे तो जपानच्या कारखान्यांतही गेला. माणसाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगा, चांगल्या कामाचं श्रेय द्या, त्याच्यावर परिणाम करणारे बदल आधी कळवा, त्याच्या अंगच्या गुणांचा पुरेपूर उपयोग करा, ही त्यातली चार सूत्रं आमच्या ट्रेनिंगमध्ये होती. परीक्षेत मी ती बिनचूक लिहिली होती. आणि इकडे पोरांना शिफ्ट बदलल्याचं आदल्या संध्याकाळी फोनवर सांगत होतो.

आता पुढच्या आठवड्याचा शिफ्ट चार्ट गुरुवारीच लागतो. कायम झाल्याचं पत्र मिळालं, भत्ताही मागच्या तारखेपासून आला.

एका फॉर्मवर खाली पेनानं हिंदीत लिहिलं होतं, 'ओव्हरटाइम के लिए सबके सामने मत पूछिए, मना नहीं कर पाते.' तेव्हापासून मी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो.