तुम्ही विचारलंत म्हणून: 650 शब्दांत बेळगाव

गेल्या वर्षी भाचीचा कॉलेजचा एसे मी कापून दिला, तेव्हापासून टिळकवाडीत कुणाचं पोरगं अमेरिकेला अर्ज करायला बसलं की मला फोन येतो, हजार शब्दांचं साडेसहाशे कसं केलंत सांगा की. आता एकदाच लिहून टाकते.

कॉमन ॲप म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचा सामायिक ऑनलाइन अर्ज, त्याच्या एसेच्या बॉक्सात 650 च्या वर शब्द बसतच नाहीत, आणि 250 च्या खाली चालत नाही. भाचीचे होते 1038. पहिल्या दिवशी आम्ही दोघी नुसती चिल्लर वेचत बसलो, 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' काढून 'बिकॉज' घातलं, चार वाचले, 'आय हॅव ऑलवेज बीन पॅशनेट अबाउट' उडवलं, सहा वाचले, असं करत दोन तासांत जेमतेम साठ. मग तिनं मधे हायफन घालून चार शब्दांचा एक करून बघितला, ते मी सोडवलं, वाचणारा काय आंधळा असतोय?

यात तिची सगळीच चूक नव्हती म्हणा. ती जुळवते मराठीत आणि उतरवते इंग्लिशमध्ये. आपलं 'आजीबरोबर' एका शब्दात होतं, तिकडं 'विथ माय ग्रँडमदर', झाले तीन. त्यात कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, म्हणजे काय हे सांगायला एक अख्खी ओळ. कुंदा काढला, जिवावर आलं पण काढला.

खरा अडथळा पहिल्या पानावर होता. 1956 ची राज्य पुनर्रचना, सीमाप्रश्नावरचा 1967 चा महाजन अहवाल, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला ते, सगळं तारीखवार, 310 शब्द! आपण बेळगावची माणसं घराचा पत्ता सांगतानासुद्धा छप्पनपासून सुरू करतो. आणि त्या 310 शब्दांत पोरगी कुठंच नाही. ती येते दुसऱ्या पानावर, आजीच्या पेन्शनचा कन्नड फॉर्म घेऊन ऑफिसात, मोडक्यातोडक्या कन्नडात पाच मिनिटं झगडते, आणि कारकून मान वर करून म्हणतो, "आजीला बसव की आधी." मराठीत!

म्हटलं, इथनं सुरू कर.

रडली. "मावशी, सीमाप्रश्न सांगितल्याशिवाय त्यांना काय कळणार?" मग एक ओळ ठेवली, घरी मराठी आणि सरकारी कागदावर कन्नड एवढीच, इंग्लिशमध्ये बारा शब्द. कारकुनाचं बोलणं समजायला तेवढी पुरते. शेवटच्या 'यातून मी काय शिकले'च्या दोन ओळीपण उडवल्या, त्या तर सगळ्यांच्याच एसेत असतात.

643 वर थांबलो. उरलेल्या सातात महाजन बसतोय काय, हे भावोजी अजून विचारतात.