तुम्ही विचारलंत म्हणून: इंपाला सोडून बिस्केन का?

इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, दरवर्षी गणपतीच्या जेवणाला कोणीतरी विचारतंच. "अहो, जुनी अमेरिकन गाडी घ्यायचीच होती, तर इंपाला तरी घ्यायची. ही तर बेस मॉडेल ना?" हो, बेस मॉडेलच. 1964 ची शेव्हरोले बिस्केन. चार दारं, सहा सिलिंडर, रेडिओच्या जागी पत्र्याची झाकणपट्टी. माझं उत्तर रंगात येईपर्यंत विचारणारा मठ्ठ्याकडे वळलेला असतो, म्हणून आता सावकाश सांगतो.

बिस्केन पहिल्यांदा आली 1958 मध्ये, आणि तेव्हा ती सगळ्यात खालची नव्हतीच. शेव्हरोलेच्या मोठ्या गाड्यांत तळाला होती डेलरे, मध्ये बिस्केन आणि वर बेल एअर. त्याच वर्षी बेल एअरच्या दोन दारांच्या झोकदार गाड्यांना इंपाला हे नाव दिलं गेलं. 1959 ला इंपाला स्वतंत्र झाली आणि थेट पहिल्या पाटावर येऊन बसली. बेल एअर मधल्या पाटावर गेली, डेलरे उठूनच गेली, आणि बिस्केन वर्षभरात पंगतीच्या टोकाला. घरात नवा जावई आला की जुन्यांनी एकेक पाट खाली सरकायचं, तसलाच प्रकार. पुढे 1966 पासून शेव्हरोलेचीच कॅप्रिस वेगळी मॉडेल म्हणून मिरवायला लागली, तेव्हा इंपालाही सरकली. त्याच्या आदल्याच वर्षी इंपाला दहा लाखांहून जास्त खपली होती, पण मान गेला तो गेलाच. अमेरिकेत बिस्केन 1972 ला बंद झाली (कॅनडात 1975 पर्यंत चालली), 1975 नंतर बेल एअरही गेली, आणि 1976 ला शेवटच्या पाटावर कोण? इंपाला. म्हणून इंपाला घ्यायची होती म्हणणाऱ्यांना मी सांगतो, मी तिच्या आधी जागा धरून बसलोय.

बिस्केन हे नाव मायामीजवळच्या बिस्केन उपसागराचं. शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स, तिच्या 1955 च्या मोटोरामा प्रदर्शनात याच नावाची एक नमुना गाडी झळकली होती. फिकट समुद्री हिरवा रंग, चार दारं आणि दोन दारांच्या मधे खांबच नाही. नंतर ती मोडीत काढली. मिशिगनमधल्या एका भंगारवाल्याकडे तिचे कापलेले तुकडे वर्षानुवर्षं पडून होते, ते जो बोर्ट्झ या संग्राहकाने मिळवले आणि गाडी पुन्हा उभी केली. मला नवल वाटतं ते नावाचं. इतकं राजस नाव शेवटी टॅक्सीवाल्यांच्या, पोलिसांच्या आणि फिरत्या विक्रेत्यांच्या गाडीला मिळालं. 1959 मध्ये तर बिस्केनची एक 'युटिलिटी सेडान' निघायची, तिला मागची सीटच नसायची. तिथे विक्रेत्याने मालाच्या पेट्या ठेवायच्या.

पत्रा मात्र इंपालाचाच! हे कोणाला सांगितलं की खरं वाटत नाही. तोच सांगाडा, तीच 119 इंचांची चाकांमधली लांबी, तीच पाच मीटरच्या वर लांब आणि दोन मीटर रुंद पेटी. पैसे वाचवले ते बारीकसारीक ठिकाणी. इंपालाला मागे दर बाजूला तीन टेललाइट, हिला दोन. इंपालात गालिचा, हिच्यात रबरी चटई. क्रोमच्या पट्ट्या कमी. चारही खिडक्या एकदम उघडल्यावर मधला खांब गायब, अशी हार्डटॉप बिस्केनमध्ये मिळतच नसे. टप उघडणारी कन्व्हर्टिबल तर नाहीच. पायरी कळावी एवढ्यासाठी दिवा मोजायचा! शेजाऱ्याची गाडी मागून बघितली की त्याचा पगार कळावा, हा त्यातला हेतू होता असंच मला वाटतं.

माझी गाडी एका शेतावरच्या शेडमध्ये होती. घेताना मी पहिल्यांदा ड्रायव्हरचं दार उघडून बिजागरीच्या खांबावरची नंबरपट्टी पुसली. आकडे 41169 ने सुरू होत होते. 4 म्हणजे 1964, 11 म्हणजे सहा सिलिंडरची बिस्केन, 69 म्हणजे चार दारांची सेडान. व्ही-8 असती तर 11 च्या जागी 12 आलं असतं. मग रबरी चटई उचलली. खाली रुपयाच्या नाण्याएवढी चार-पाच भोकं, आणि त्यातून शेडमधलं गवत दिसत होतं. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटाबरोबर आत येतं, बर्फ वितळतो आणि चटईखाली लोणचं मुरतं तसा पत्रा मुरत राहतो. ते पत्रे बदलण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला. इंपालाची प्रत्येक पट्टी नवी बनवून मिळते. बिस्केनची हवी असली तर दुसरी मेलेली बिस्केन शोधावी लागते, आणि त्या सापडत नाहीत. गाड्या कमी निघाल्या म्हणून नव्हे. टॅक्सी आणि सरकारी गाडी काम होईतो पिळतात आणि मोडीत देतात, तिला कोणी शेडमध्ये जपून ठेवत नाही.

आता गंमत. ज्यांना शर्यती लावायच्या होत्या त्यांनी नेमकी हीच गाडी हेरली होती. साजशृंगार नाही म्हणजे वजन कमी, आणि इंजिन मात्र यादीतलं कुठलंही मागवता यायचं. 1964 ला 409 घन इंचांचं, 425 अश्वशक्तीचं इंजिन बिस्केनमध्येही मिळे. 1966 ला 427 घन इंचांचं आलं. सिग्नलला शेजारी उभी असलेली गाडी म्युनिसिपालिटीच्या इन्स्पेक्टरची वाटावी आणि हिरवा दिवा लागताच ती दिसेनाशी व्हावी. माझी तसली नाही. माझ्यात 230 घन इंचांचं, म्हणजे 3.8 लिटरचं, 140 अश्वशक्तीचं साधं सहा सिलिंडर. पण आपल्या पद्मिनीचं इंजिन 1.1 लिटरचं होतं, हे आठवलं की गरिबाची गाडी कशाला म्हणायचं याचा जरा घोळ होतो.

पद्मिनी आठवण्याचं कारण गिअर. आमचे काका मुंबईत काळी-पिवळी चालवायचे, आणि स्टिअरिंगवरचा गिअर कसा टाकायचा ते मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. हिचे तीनच. स्वतःकडे ओढून खाली पहिला, पलीकडे ढकलून वर दुसरा, तिथूनच सरळ खाली तिसरा. इथल्या तरुण मेकॅनिकला हे जमत नव्हतं, मी पहिल्या दिवशी गाडी घरी आणली. तेवढाच माझा मुंबईचा वशिला. शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून शेव्हरोले जुळवत असे, पण ते 1954 ला थांबलं. तेव्हा बिस्केन बाजारात यायला अजून चार वर्षं होती.

हायवेवर मी ती नेत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सगळ्यांना मिळून ब्रेकच्या तेलाचं एकच सर्किट. कुठेही एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला. सांगाडा एक्सच्या आकाराचा, म्हणजे कडेने तुळईच नाही. 2009 मध्ये विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने 1959 ची बेल एअर आणि शेव्हरोलेचीच 2009 ची मालिबू समोरासमोर आदळून दाखवली. बेल एअर म्हणजे आतून हिचीच बहीण. तिच्या ड्रायव्हरचं काय झालं असतं ते बघून बायकोने माझ्याकडून शब्द घेतला.

वर्षातून एकदा मात्र लांब जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रीघ लागते. तिथे माझ्या दोन बाजूंना दोन लाल इंपाला, आणि गर्दी त्यांच्यापाशी. गेल्या वेळी ऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले, मागे जाऊन त्यांनी दिवे मोजले आणि हसले. नोकरीची पहिली चार वर्षं पोलीस म्हणून अशाच गाडीत काढली म्हणाले. मी पुढचं दार उघडून म्हटलं, बसा, स्टिअरिंग धरून बघा.

"नको," ते म्हणाले. "मागे बसू का? मागे मी कधीच बसलो नाही. तिथे पकडलेले बसायचे."

मग पाऊण तास ते मागे बसून होते, काच खाली करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत.