केबल ओढण्यापासून व्हीलॅनपर्यंत : आमची वाटचाल

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमधे, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर. सुरवात मी आणि माझ्या धाकट्या भावाने केली, भांडवल म्हणजे एक ड्रिल मशीन, क्रिंपिंगची पक्कड आणि केबल टेस्टर. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधे कॅमेरे लावायचे, ऑफिसांमधे कॅट 6 ही नेटवर्कची केबल ओढायची, तिची टोकं पॅच पॅनल म्हणजे जोडणीच्या पट्टीवर पंच करायची, टेस्टरचे आठही दिवे ओळीने पेटले की बिल देऊन निघायचं. त्या वायरीतून पुढे काय जातं हे आम्ही कधी बघितलं नाही, गिऱ्हाइकानेही कधी विचारलं नाही.

विचारलं ते महापेच्या एका पॅकेजिंग कंपनीच्या शेठनी. सोमवारी सकाळी त्यांचा फोन, सगळं बंद आहे. टॅली उघडत नाही, प्रिंटर नाही, कॅमेरे काळे, गेटवरचं हजेरीचं मशीनसुद्धा मेलेलं. रॅक (नेटवर्कचं कपाट) उघडला तर स्विचचे, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात त्या डब्याचे, सगळे हिरवे दिवे एकाच तालात फडफडत होते. दोन तास एकेक केबल काढत बसलो तेव्हा सापडलं, पॅकिंग हॉलमधे टेबलाखाली 8 पोर्टचा छोटा स्विच होता, साफसफाई करताना कोणीतरी लोंबणारं टोक उचलून परत त्याच स्विचमधे खोचलं होतं. लूप झाला, रस्ता गोल फिरून स्वतःलाच मिळाला. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे वायरीतून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाला, किती फेऱ्यांनी मरायचं असा आकडाच नसतो, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट (सगळ्या मशीनना एकदम मारलेली हाक) सुटला की तो फिरतच राहतो आणि वाढतच जातो.

लूपवर औषध स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप ओळखून तो रस्ता आपोआप अडवणारी स्विचमधली सोय, ते मी शिकून घेतलं. पण शेठ म्हणाले, "चूक पॅकिंगमधे झाली ना, मग माझं अकाउंट्स का बंद पडलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचा धंदा बदलला तो या एका प्रश्नामुळे, असं मी आजही मानतो.

उत्तर होतं व्हीलॅन. एकाच स्विचचे पोर्ट वेगवेगळ्या गटात वाटायचे, प्रत्येक गटाचा ब्रॉडकास्ट त्याच्या घरात राहतो. आम्ही तिथे अकाउंट्स 10, प्रॉडक्शन 20, कॅमेरे 30 आणि पाहुण्यांचं वायफाय 40 असे नंबर दिले. पीसी किंवा कॅमेरा लागतो तो ॲक्सेस पोर्ट, त्याला नंबराची काही खबर नसते. दोन स्विच जोडणारा तो ट्रंक, तिथे फ्रेमला कुठल्या गटाची ते सांगणारा 4 बाइटचा टॅग लागतो, 802.1क्यू म्हणतात ते हेच. टॅगमधे नंबरासाठी 12 बिट असतात म्हणून वापरता येणारे नंबर 1 ते 4094. एवढे आपल्याला कशाला लागतायत, पण पहिल्या दिवसापासून 10-10 चं अंतर ठेवलं तर मधे नवीन खातं बसवता येतं.

मग दुसरा घोळ. गट वेगळे केले तर टॅलीच्या सर्व्हरपर्यंत प्रॉडक्शनचा सुपरवायझर पोचेना. मग राउटरच्या एकाच पोर्टवर चार सब-इंटरफेस (एका पोर्टचे आभासी भाग) केले, प्रत्येक व्हीलॅनला त्याचा गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार. चाललं छान, पण ऑफिसमधले लोक कॅमेऱ्यांचं फुटेज बघायला लागले की सगळा लोड त्या एकाच वायरीवर यायचा आणि टॅली रांगायची, म्हणून पुढे लेयर 3 स्विच घेतला, तो गटागटांमधली ने-आण स्वतःच करतो. डीएचसीपीचं, म्हणजे मशीनना आपोआप आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटण्याचं पण तसंच, आयपी मागणारा पीसी ब्रॉडकास्टने ओरडतो आणि ते ओरडणं व्हीलॅनच्या बाहेर जात नाही, तिथे ती मागणी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे पोचवणारा हेल्पर ॲड्रेस द्यावा लागतो, हे मला अर्धी रात्र जागून कळलं.

आणि हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, व्हीलॅन केलं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही. राउटिंग चालू केलं की सगळे गट परत एकमेकांशी बोलायला लागतात, पाहुण्याच्या मोबाइलवरून टॅलीचा सर्व्हर सापडतो. कोणी कोणाशी बोलायचं याची ॲक्सेस लिस्ट लावल्याशिवाय काम पूर्ण झालं असं आम्ही म्हणत नाही, बिलही देत नाही.

सगळ्यात मोठी चूक तुर्भ्याच्या एका गोदामात, माझ्याच हातून. रात्री साडेदहाला घरून लॉगिन करून ट्रंकवर नवीन व्हीलॅन 50 घालत होतो. स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 50 टाइप केलं आणि एंटर मारलं. 50 च्या आधी ॲड लिहायचं राहिलं. ॲड नसेल तर जुनी यादी पुसून फक्त 50 उरतो, म्हणजे ज्यावरून मी स्विचमधे शिरलो होतो तो मॅनेजमेंटचा व्हीलॅन गेला, माझी स्क्रीन थिजली आणि गोदामाच्या आतलं सगळं स्कॅनिंग थांबलं. कॉन्फिग सेव्ह केलं नव्हतं म्हणजे स्विच बंद-चालू केला तरी जुनं परत येणार होतं, पण रॅकची चावी मॅनेजरकडे आणि त्यांचा फोन बंद. वॉचमनकाका बिचारे दाराशी उभे, म्हणाले, "साहेब, कुलूप तोडू का?" नको म्हंटलं आणि बाइक काढली. पावसाळा, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गुडघाभर पाणी, ठाणे-बेलापूर रोडला लागेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर भावाने मॅनेजरच्या घरी जाऊन चावी आणली होती. त्या रात्री तीन गाड्या माल भरायच्या थांबल्या, त्या महिन्याचं बिल आम्ही लावलं नाही.

तेव्हापासून लांबून काम करायचं तर आधी सेव्ह आणि मग रीलोड इन 10, म्हणजे मी बाहेर अडकलो तरी दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्यावर येतो, काम नीट झालं तर रीलोड कॅन्सल करून मग परत सेव्ह. आमच्याकडे आता पाच मुलं आहेत, त्यातली दोन आयटीआयची, पहिला महिना त्यांना स्विचला हात लावू देत नाही. वही घेऊन गिऱ्हाइकाकडे फिरायचं, कोण कोणत्या मशीनवर बसतो, कोणाला काय लागतं ते लिहून आणायचं, कारण निम्म्याहून जास्त व्हीलॅन या वहीतच होतात, कमांड शेवटी वीस ओळींच्या. पोर्टचा नकाशा लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून चिकटवतो आणि रॅकची एक जादा चावी सीलबंद पाकिटात गेटवर ठेवतो.

महापेच्या त्या कंपनीत आजही आमचंच एएमसी (वर्षाच्या देखभालीचं कंत्राट) आहे. मागच्या आठवड्यात तिथल्या स्टोअरकीपरताईंनी नवीन वजनकाट्याचा फोटो पाठवला, नेटवर्कवर जोडायचा काटा, खाली लिहिलं होतं, "दादा, हा 20 मधे लावू की याला वेगळा नंबर देताय?"